तळटीप : जप्ती आणि राहते घर

* जप्ती : शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर हुकूमनाम्याचा बेलिफ आला की कारवीच्या कुडाचे, शेणाने सारवलेले घरही गेले, असेच माणसे समजतात. कायदा तसे म्हणत नाही. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० स्वतः कसणाऱ्या शेतकऱ्याचे राहते घर जप्तीतून वगळते. पोटापुरते बैल-नांगर, बियाण्याचे भात, स्वयंपाकाची भांडी, मंगळसूत्रही. आधी नोंदणी लागत नाही, पण न्यायालयात हरकत घ्यावी लागते. १९७६च्या दुरुस्तीने मजुराचे घरही यात आले आणि ‘सवलत सोडतो’ असा लिहून घेतलेला करार रद्दबातल ठरला. कोऱ्या कागदावर अंगठे उठवणाऱ्यांसाठी ही दुरुस्ती मला सर्वांत मोलाची वाटते. घर गहाण टाकले असल्यास मात्र हे संरक्षण मिळत नाही. – संपा.