आठ दिवसांचे विष

सन १९८६, एप्रिलची २६ तारीख. उत्तररात्री १ वाजून २३ मिनिटांनी युक्रेनमधील चेर्नोबिल येथील वीजकेंद्राची चौथी अणुभट्टी फुटली. त्या आगीशी झुंजलेल्या जवानांची कथा बहुश्रुत आहे. तिच्या मानाने उपेक्षित राहिली ती लहान मुलांच्या गळ्यातील एका ग्रंथीची कथा.

थायरॉइड ग्रंथीचे सारे कार्य आयोडीनावर चालते. अन्नातून मिळेल ते आयोडीन ती ओढून घेते. ते साधे की किरणोत्सर्गी, हा विवेक मात्र तिला नाही. भट्टीतून उडालेले किरणोत्सर्गी आयोडीन वाऱ्याबरोबर बेलारूसच्या गोमेल प्रांतावर पसरले, कुरणांवर उतरले, गवतातून गाईच्या पोटात गेले आणि तेथून दुधात आले. घरच्या गाईचे दूध मुलाला आग्रहाने पाजावे, ही कोणत्याही खेड्यातील आईची रीत. त्याच रीतीने विष घरात शिरले. मुलाची ग्रंथी इवलीशी; त्यामुळे तेवढ्याच दुधातून तिला बसणारा मारा प्रौढाच्या कित्येक पट होता. त्यातून तो मुलूख मुळातच आयोडीनाला वंचित, म्हणजे तेथील ग्रंथी अधिकच भुकेल्या.

या आयोडीनाचा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होतो. थोडे आठवडे दूध वर्ज्य केले आणि साधे आयोडीन वेळीच दिले, की संकट बरेचसे टळते. शेजारच्या पोलंडने काही दिवसांतच सुमारे एक कोटी मुलांना आयोडीनाचा डोस पाजला. सोव्हिएत सरकारने प्रिप्यात हे नजीकचे शहर २७ एप्रिलला रिकामे केले खरे, परंतु खेड्यापाड्यांतून दूध पिणे चालूच राहिले. १ मे रोजी कीव्हच्या रस्त्यांवर मिरवणूकही निघाली. तीत मुले होती!

बेलारूसमध्ये १९८६ ते १९८९ या काळात या ग्रंथीचा कर्करोग वर्षाकाठी सरासरी ४ मुलांत आढळला. १९९१ मध्ये ५५ मुलांत. काझाकोव, डेमिडचिक आणि अस्ताखोवा यांनी हे आकडे १९९२ च्या सप्टेंबरात 'नेचर' या नियतकालिकात मांडले. अनेक पाश्चात्त्य तज्ज्ञांना ते पटेनात. असा रोग इतक्या लवकर उद्भवत नाही. तपासण्या वाढल्या म्हणून रुग्ण वाढलेले दिसतात, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. परंतु तज्ज्ञांची एक तुकडी मिन्स्कला गेली, तिने ती मुले स्वतः पाहिली आणि त्याच अंकात त्या डॉक्टरांच्या म्हणण्याला दुजोरा दिला. पुढे आणखी एक गोष्ट ध्यानात आली : ते आयोडीन विरून गेल्यावर जन्मलेल्या मुलांत हा रोग पुन्हा पूर्वीसारखाच विरळ झाला.

अपघातसमयी लहान असलेल्यांपैकी ६,००० हून अधिक जणांना २००५ पर्यंत हा कर्करोग जडला. त्यांतील १५ दगावले. बाकीच्यांना शस्त्रक्रियेने तारले. त्यांच्या गळ्यावरील आडव्या व्रणाला लोक 'चेर्नोबिलची माळ' म्हणू लागले. ज्यांची ग्रंथी काढून टाकावी लागली त्यांना, तिचे काम करणारी एक गोळी, रोज आणि जन्मभर घ्यावी लागते.