रॅलेतली किल्ली, टुल्सातली दहा पानं

१९३९ साल. नॉर्थ कॅरोलायनाची राजधानी रॅले, राज्याचा दप्तरखाना. तुम्ही दारातच खोळंबला आहात, कारण तुमच्या पुढे उभ्या असलेल्या माणसाला कुठे बसवायचं हेच आत कुणाला सुचत नाहीये. चोवीस वर्षांचा तरुण आहे, उंच, काळा. हार्वर्डमध्ये पीएच.डी. करतोय. यादवी युद्धाच्या आधी या राज्यात जे काळे लोक गुलाम नव्हते, स्वतंत्र होते, ते कसे जगले हा त्याचा विषय. त्याला हवे असलेले कागद याच इमारतीत आहेत.

दप्तरखान्याचे प्रमुख बाहेर येतात. स्वतः येलचे पीएच.डी., बोलायला सभ्य. पण चेहरा बघा त्यांचा! ही इमारत बांधताना काळा माणूस इथे संशोधनाला येईल असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, हे ते सरळ सांगून टाकतात. सोय करायला आठवडाभराची मुदत मागतात. तरुण काहीच बोलत नाही. हो नाही, नाही नाही. त्या गप्प राहण्यानेच मुदत निम्म्यावर येते.

तुम्हाला कुठे बसवतील याचा विचार आताच करून ठेवा. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिलाय की हिंदुस्थानी माणूस कायद्याने गोरा नाही. तेव्हा मोठ्या वाचनकक्षाकडे बघू नका. या तरुणाच्या मागोमाग चला.

तीन-चार दिवसांनी त्याला एक लहानशी वेगळी खोली मिळते. टेबल, खुर्ची आणि वर एक किल्ली. कागद ठेवलेल्या दालनांची किल्ली! गोऱ्या नोकरांवर काळ्या माणसासाठी खोकी वाहून आणायची वेळ येऊ नये म्हणून ही युक्ती. आपल्याकडे पेशवे दप्तरातला एखादा रुमाल सोडवून घ्यायला अभ्यासकांना काय काय करावं लागलं आहे ते आठवा, म्हणजे या किल्लीची किंमत कळेल. तो स्वतः आत जातो, फळ्यांमधून फिरतो, हवं ते गाडीवर चढवतो आणि गोऱ्या अभ्यासकांच्या डोळ्यांदेखत ती गाडी ढकलत आपल्या खोलीत नेतो.

दोन आठवडे हे चालतं. मग त्या अभ्यासकांची तक्रार येते. काय म्हणून? भेदभाव होतोय म्हणून! याला किल्ली, मग आम्हाला का नाही? सगळ्यांना किल्ल्या वाटण्यापेक्षा सोपा मार्ग प्रमुखांना सापडतो. तरुणाची किल्ली काढून घेतात आणि नोकरांना हुकूम सुटतो की यालाही बाकीच्यांसारखे कागद आणून द्या. वर्णभेद पाळायच्या खटाटोपात वर्णभेदाचाच एक नियम मोडला. असा विनोद कुणी रचायला बसलं तरी जमायचा नाही.

तरुणाचं नाव जॉन होप फ्रँकलिन. पुढे ज्याने अमेरिकेला तिचा इतिहास नव्याने शिकवला तो प्राध्यापक हाच. पण त्याच्या घरचे कागद कुठे आहेत? त्यासाठी मागे जावं लागेल.

ओक्लाहोमातलं रेंटीसव्हिल, काळ्यांनी वसवलेलं छोटं गाव. जॉन होप सहा वर्षांचा आहे. आई मॉली शाळेत शिकवते. तिच्याबरोबर तो आणि बहीण जवळच्या चेकोटाला निघालेत. हात दाखवून थांबवलेली गाडी अशी थांबते की समोर गोऱ्यांचा डबा येतो. तिघं चढतात. कंडक्टर उठायला सांगतो. चालत्या गाडीत मुलांना घेऊन डबा बदलणार नाही, असं मॉली म्हणते. गाडी थांबते आणि तिघांना रानात उतरवलं जातं. तुम्हीही उतरा, गावापर्यंत चालायचंय. पोरगा रडतोय. आई त्याला समजावते की यात रडण्यासारखं काही नाही. त्या डब्यातलं कुणीही तुझ्याहून वरचढ नाही, तेव्हा ही ताकद तू तितकाच चांगला आहेस हे दाखवण्यात घाल.

वडील बक कोल्बर्ट फ्रँकलिन तेव्हा तिथे नाहीत. ते वकील. १९२१ च्या सुरुवातीला टुल्सा शहरात गेलेत. तिथल्या ग्रीनवुड भागात काळ्यांची दुकानं, हॉटेलं, दवाखाने, थिएटरं आहेत. तिथे बस्तान बसवायचं आणि शाळेचं वर्ष संपलं की मुलांना न्यायचं, असा बेत. मॉलीने सामान बांधून ठेवलंय. मे संपत आलाय.

३० मेला एका लिफ्टमध्ये काळा मुलगा आणि गोरी मुलगी यांच्यात काहीतरी घडतं, किंवा घडतही नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी, संध्याकाळी कोर्टाबाहेर गोऱ्यांचा जमाव. १ जूनच्या संध्याकाळपर्यंत ग्रीनवुडचे सुमारे ३५ ब्लॉक जळून राख झालेले आहेत आणि हजाराहून जास्त घरं गेलेली आहेत. मेलेल्यांचा आकडा सरकारी नोंदीत ३६, इतिहासकारांच्या अंदाजात ३०० पर्यंत. रेंटीसव्हिलमध्ये मॉलीला वर्तमानपत्रातून बातमी कळते. नवरा जिवंत आहे एवढं कळायला कित्येक दिवस जातात.

आता टुल्सातल्या एका तंबूत या. वकील फ्रँकलिन आणि त्यांचे भागीदार स्पिअर्स यांचं ऑफिस सध्या हेच. टेबलावर कायद्याची पुस्तकं, जवळ सेक्रेटरी एफी थॉम्पसन. या तंबूचा फोटो आजही पाहायला मिळतो. चेहऱ्यांवर रडारड नाही, कामाची घाई आहे. घाईचं कारणही आहे. जळलेल्या जागी आगीला न जुमानणारंच बांधकाम हवं, असा नियम नगरपालिकेने लगोलग केलाय. ज्यांच्याकडे आज अंथरूणसुद्धा उरलेलं नाही त्यांनी विटांच्या इमारती उभ्या करायच्या, नाहीतर जमीन सोडायची. हा नियम फ्रँकलिन कोर्टातून रद्द करून घेतात. विमा कंपन्यांपुढे मात्र लोकांचं काही चालत नाही. पॉलिसीत दंगलीचा अपवाद असतो आणि या प्रकाराला नाव दिलं गेलंय 'दंगल'. कुटुंब टुल्साला येतं ते १९२५ मध्ये, चार वर्षं उशिरा.

इथे थोडं थांबून घराण्याचं बोलू. आपल्याकडे कुलवृत्तांत छापायची रीत आहे. त्र्यंबकेश्वरी गेलात तर उपाध्याय वही काढून खापरपणजोबांची सही दाखवतो. फ्रँकलिनांना अशी वही कुठली? १८५० आणि १८६० च्या अमेरिकी जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. मालकाचं नाव, त्याखाली गुलामाचं वय, लिंग, वर्ण. गुलामाच्या नावाला रकानाच नाही. बक यांचे वडील डेव्हिड हे चिकसॉ या मूळनिवासी जमातीतल्या मालकाचे गुलाम. हो, मूळनिवासींकडेही गुलाम होते, आणि हे आपल्याकडच्या पुस्तकांत क्वचितच येतं. यादवी युद्धात डेव्हिड पळाले, उत्तरेच्या सैन्यात गेले आणि मालकाकडून आलेलं आडनाव टाकून फ्रँकलिन हे नाव घेतलं. म्हणजे या घराण्याचा पहिला दस्तऐवज माणसाने स्वतःच स्वतःला दिलेलं आडनाव आहे. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. त्या मोकळ्या झालेल्यांतले डेव्हिड हे एक. पुढे त्यांच्या नातवाला कागद बघायला वेगळी खोली लागणार आहे, हे जोतीरावांना कळतं तर अर्पणपत्रिकेला त्यांनी एखादी तळटीप नक्की जोडली असती.

२२ ऑगस्ट १९३१. बक फ्रँकलिन यांनी टाइप केलेल्या मजकुरावर ही तारीख आहे. खांद्यावरून डोकावून वाचा. पिवळसर कायदेशीर कागद, एकूण दहा पानं. दहा वर्षांपूर्वी ऑफिसच्या खिडकीतून दिसलेल्या विमानांबद्दल ते लिहितायत. छपरावर गारा पडाव्यात तसा आवाज. पायवाटेवर टर्पेंटाइनचे पेटते गोळे. आणि वकिलाच्या नजरेनेच टिपलेली खूण: इमारती वरून खाली पेटत होत्या. घर वाचवायला उभा राहिलेला, महायुद्धावरून परतलेला रॉस नावाचा सैनिकही त्यात आहे. तो आता भाजलेल्या चेहऱ्याने, आंधळा होऊन मनोरुग्णालयात बसलेला आहे. वकिलाने हे कोर्टासाठी लिहिलेलं नाही. कोर्टांनी हात वर केल्यावर लिहिलंय. पानांच्या तीन घड्या होतात आणि ती दिसेनाशी होतात.

मुलाच्या आयुष्यात आता भराभर पुढे जाऊ. फिस्क विद्यापीठातले गोरे प्राध्यापक थिओडोर करियर स्वतः कर्ज काढून त्याला हार्वर्डला जायला ५०० डॉलर देतात. १९४१ मध्ये पीएच.डी. १९४७ मध्ये 'फ्रॉम स्लेव्हरी टू फ्रीडम', जे पुढे पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं. शाळांतला वर्णभेद संपवणाऱ्या ब्राउन खटल्यात वकील थर्गुड मार्शल यांना इतिहासाचं टिपण पुरवणाऱ्यांत तो होता. १९५६ मध्ये ब्रुकलिन कॉलेजात इतिहासाचा विभागप्रमुख झाला; बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर, पण कॉलेजजवळ घर विकायला दलाल तयार होईनात. मग शिकागो. १९८२ मध्ये डरहॅमचं ड्यूक विद्यापीठ. चाळीसच्या दशकात तो याच डरहॅममध्ये काळ्यांच्या कॉलेजात शिकवत होता, तेव्हा ड्यूकमध्ये काळ्या विद्यार्थ्याला प्रवेशही नव्हता. घरामागे काचघरात त्याने ऑर्किड वाढवले, आणि एका ऑर्किडला त्याचं नाव मिळालं.

१९९५ मध्ये प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं. आदल्या रात्री वॉशिंग्टनच्या कॉसमॉस क्लबात त्यानेच मित्रांना जेवण दिलं. तिथे एका गोऱ्या बाईने कोट ठेवल्याचा बिल्ला त्याच्या हातात दिला आणि कोट आणायला सांगितलं. या क्लबाचा पहिला काळा सभासद तोच. वय ऐंशी. तुम्ही शेजारीच उभे आहात. बाईंना काय सांगावं ते सुचेपर्यंत त्याने शांतपणे सांगूनही टाकलंय की गणवेशातल्या नोकराला द्या, तो आणून देईल.

वडील १९६० मध्ये वारले. मागे आत्मचरित्राचं हस्तलिखित होतं. जॉन होप आणि त्यांचा मुलगा जॉन व्हिटिंग्टन यांनी मिळून ते संपादित केलं आणि १९९७ मध्ये छापलं. जॉन होप २००९ मध्ये गेले. त्यांचे कागद ड्यूकच्या ग्रंथालयात आहेत, आणि तिथे जागा मागताना आज कुणाला कातडी दाखवावी लागत नाही.

घडी घातलेली ती दहा पानं वर आली २०१५ मध्ये, म्हणजे मुलगा गेल्यावर सहा वर्षांनी. टुल्सातल्या काही लोकांनी ती विकत घेतली आणि वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहास संग्रहालयाला दिली. जॉन व्हिटिंग्टन तेव्हा त्याच संग्रहालयात नोकरीला होते. आजोबांचा कागद नातवाच्या ऑफिसात आला. हा निव्वळ योगायोग आहे, आणि एवढ्या महत्त्वाच्या पुराव्याने योगायोगाच्या भरवशावर राहावं ही लाजेची गोष्ट आहे. त्या संग्रहालयाला तिकीट नाही, फक्त वेळ आधी नोंदवावी लागते. तिथपर्यंत जाणं होणार नसेल तर पानं इंटरनेटवर आहेत. टुल्साबद्दल दुसरं काहीही वाचायच्या आधी ती वाचा.