राजदूत साडेतीनशे : एका शीघ्रगामी यंत्राची हकीकत

धुळें शहराच्या दक्षिणेस लळिंगचा डोंगर, मधून वाहणारी पांझरा आणि नदीच्या उत्तर तीरावर देवपूर. मुंबईहून आग्र्यास जाणारा व सुरतेहून नागपुराकडे जाणारा असे दोन मोठे रस्ते या शहरापाशीं एकमेकांस भेटतात. रस्ता जेथें लांब आणि सरळ, तेथें वेगाची हौस आपोआप उपजते. त्यांतून देवपुरांत महाविद्यालयें, म्हणजे तरुणांची वस्ती. अशा एखाद्या तरुणानें पैसे जमवून जुनी, परंतु शीघ्रगामी अशी मोटार-सायकल विकत घेतली, म्हणजे ती घरीं आणल्यावर पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, कीं हिच्यांत प्रथम बदलावें काय? बहुतेकांच्या तोंडून पहिलें उत्तर येतें तें सायलेंसरचें. हें उत्तर चुकीचें कां, याचा निवाडा तर्कानें करण्याची गरज नाहीं. भारतांत एका गाडीचें चरित्र असें घडलेलें आहे, कीं त्यांतच या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. ती गाडी म्हणजे राजदूत ३५०.

या गाडीची कुळकथा दुरून सुरू होते. दट्ट्याच्या दोन फेऱ्यांत एक स्फोट घडवून आणणारें, म्हणजेच दोन-स्ट्रोकचें, साधें इंजिन इंग्लंडांत जोसेफ डे यानें १८९१ सालीं सिद्ध केलें. त्यांत उघडझाप करणाऱ्या झडपांचें अवडंबर नव्हतें; दट्ट्याच सिलिंडरच्या भिंतींतील खिडक्या उघडी व बंद करी. पुढें १९२० नंतरच्या दशकांत श्नुर्ले या जर्मन अभियंत्यानें ताजा वायु सिलिंडरांत वळवून आणण्याची नवी रीत काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व जर्मनींतील एमझेड कारखान्यांत वॉल्टर काडेन यानें धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या आकाराचा सखोल अभ्यास केला. नळी मध्यें फुगवून पुढें निमुळती केली, तर तिच्यांतून परत फिरणारी दाबाची लाट बाहेर निसटूं पाहणारा ताजा वायु पुन्हां आंत लोटते, या तत्त्वाचा त्यानें शर्यतीच्या गाड्यांत उत्तम उपयोग केला. १९६१ सालीं त्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर हा स्वीडनमधील शर्यतीच्या वेळीं देश सोडून निघून गेला आणि पुढच्याच वर्षीं सुझुकीच्या गाडीवर त्यानें जगज्जेतेपद मिळविलें. त्याच्याबरोबर ती विद्याहि जपानांत पोंचली, असें मोटार-सायकलींचा इतिहास सांगतो.

यामाहा कंपनीनें आपली पहिली मोटार-सायकल १९५५ सालीं काढली. ती जर्मनीच्या डीकेडब्ल्यू गाडीच्या धर्तीवर बेतलेली होती. अवघ्या अठरा वर्षांत तिच कंपनी इतकी पुढें गेली, कीं १९७३ सालीं तिनें आरडी ३५० ही गाडी बाजारांत आणली. दोन सिलिंडर, ३४७ घनसेंटिमीटरचें हवेनें थंड होणारें इंजिन, सहा गिअर, पुढच्या चाकास डिस्क ब्रेक आणि ३९ अश्वशक्ति असा तिचा सरंजाम होता. वायु आंत येण्याच्या वाटेवर तिला पातळ पात्यांची झडप बसविलेली होती. वायु आंत ओढला जातांच पातीं उघडत आणि उलट दाब येतांच मिटत; त्यामुळें कमी वेगांतहि इंजिन अडखळत नसे.

त्या काळीं भारतांतील रस्त्यांवर काय होतें? मद्रासची एनफील्ड बुलेट, म्हैसूरची जावा व पुढें येझ्दी, आणि पोलंडच्या नमुन्यावर एस्कॉर्ट्स कंपनीनें काढलेली राजदूत १७५. त्यांतील बुलेटची शक्ति अठरा अश्वांच्या आसपास. अशा मंडळींत १९८३ सालीं एस्कॉर्ट्सनें यामाहाच्या परवान्यानें राजदूत ३५० आणली, तेव्हां बैलगाड्यांच्या तळावर एखादा अरबी घोडा यावा, तसें झालें. परंतु हा घोडा येतांना वाटेंत पुष्कळ कांहीं हरवून आला होता. पेट्रोल कमी लागावें म्हणून त्याची शक्ति घटविली होती. प्रथम सुमारें साडेतीस व पुढच्या आवृत्तींत सत्तावीस अश्वशक्ति राहिली. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, कीं पुढचा डिस्क ब्रेक काढून त्याच्या जागीं ड्रम ब्रेक बसविला होता. वेग कमी झाला तो थोडा. थांबण्याचें सामर्थ्य मात्र त्या मानानें अधिक कमी झालें. लोकांनीं 'आरडी' या अक्षरांचा 'रॅपिड डेथ', म्हणजे शीघ्र मरण, असा जो विनोदी अर्थ लावला, त्याच्या मुळाशीं हें व्यस्त प्रमाण आहे.

गाडी बाजारांत टिकली नाहीं. किंमत जबर, पेट्रोलचा खर्च मोठा आणि सुटे भाग दुर्मिळ व महाग. त्यांतच १९८४ पासून दोन वर्षांच्या अवधींत इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आरएक्स १०० आणि आकुर्डीच्या बजाजची कावासाकी अशा शंभर घनसेंटिमीटरच्या जपानी वंशाच्या गाड्या एकामागून एक आल्या. मध्यमवर्गीय गृहस्थास हवी होती ती काटकसर. ती त्यांनीं दिली. १९९० च्या सुमारास राजदूत ३५० चें उत्पादन थांबलें. गंमत अशी, कीं ज्या वर्षीं ती भारतांत अवतरली त्याच्या तीन वर्षें आधींच यामाहानें परदेशांत पाण्यानें थंड होणारी नवी आरडी काढलेली होती.

येथें एखाद्या अपयशी मालाचा इतिहास संपला असता; परंतु या गाडीचा खरा इतिहास येथूनच सुरू होतो. कारखान्यानें पाठ फिरविल्यावर तिचें आयुष्य मालकांच्या व मिस्त्रींच्या हातीं आलें. एक गाडी मोडून दुसरी जगवावी, एका शहरांत सिलिंडर तर दुसऱ्या शहरांत गिअर शोधावा, न मिळेल तो भाग लेथवर करून घ्यावा, अशी एक परंपराच निर्माण झाली. या परंपरेनें अनुभवाच्या किंमतीवर जो क्रम ठरविला, तो आजच्या कोणत्याहि जुन्या शीघ्रगामी गाडीस लागू पडतो. तो क्रम असा : आधीं थांबणें, मग टिकणें आणि सर्वांच्या शेवटीं धांवणें.

प्रथम थांबण्याचा विचार. ड्रम ब्रेक वारंवार दाबला, कीं तापतो. ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर सरकतो, लायनरची पकडहि उष्णतेनें कमी होते आणि मूठ पूर्ण आवळूनहि गाडी पुढेंच जाते. लळिंगचा घाट उतरतांना ज्यास याचा अनुभव आला, त्यास त्याचें अधिक स्पष्टीकरण लागत नाहीं. राजदूतच्या पुढच्या चाकांत दोन स्वतंत्र कॅमांनीं चालणारे दोन बूट असतात व त्यांना जोडणारी एक दांडी असते. ती दांडी नीट जुळविली नाहीं, तर एकच बूट काम करतो आणि दुसरा नुसता शोभेस राहतो. म्हणून नवे लायनर, लेथवर गोल करून घेतलेला ड्रम, नवी केबल आणि त्या दांडीची अचूक जुळणी, हें पहिलें काम. पुष्कळ मालकांनीं पुढें दुसऱ्या गाडीचा डिस्क ब्रेक बसविला. कारखान्यानें काढून घेतलेली वस्तु त्यांनीं आपल्या पदरच्या पैशानें परत मिळविली, असेंच म्हणावें लागेल. ब्रेकच्या जोडीस टायर. त्यांची नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयानें कडक होतें. टायरवरील चार आंकड्यांपैकीं पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष सांगतात. '२३१८' असे आंकडे असले, तर तें टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यांतील समजावें.

त्यानंतर टिकण्याचा विचार. दोन-स्ट्रोक इंजिनाच्या क्रँककेसमध्यें वायूचा दाब सतत चढतो व उतरतो. तिच्या दोन टोकांना रबराचीं सीलें असतात. गाडी वर्षानुवर्षें कोठारांत पडून राहिली, कीं हें रबर कडक होऊन चिरतें. क्लचच्या बाजूचें सील गेलें तर इंजिन गिअरचें तेल ओढून पांढऱ्या धुराचे लोट सोडतें; तें निदान डोळ्यांस दिसतें. परंतु दुसऱ्या बाजूचें सील गेलें तर बाहेरची कोरडी हवा गुपचूप आंत शिरते. पेट्रोलचें प्रमाण कमी पडतें, दट्ट्या अतिशय तापतो आणि वैशाखांतील खानदेशच्या उन्हांत, भर वेगांत, सिलिंडरला घट्ट धरून बसतो. मागचें चाक त्या क्षणीं जाम होतें. क्लचवर बोट ठेवून गाडी हांकण्याची जुन्या स्वारांची संवय याच भीतींतून जन्मली. जाणते मिस्त्री इंजिनाचीं सर्व तोंडें बंद करून त्यांत थोडा दाब भरतात आणि तो टिकतो कीं नाहीं हें पाहतात. या परीक्षेस फारसा खर्च नाहीं, आणि तिच्यावांचून केलेली दुसरी कोणतीहि दुरुस्ती व्यर्थ ठरूं शकते.

तेलाचा पंप हें दुसरें मर्मस्थान. या गाडींत तेल पेट्रोलमध्यें मिसळावें लागत नाहीं. पंप तें वेगळें पुरवितो. उजव्या मुठीची एकच केबल पुढें फुटून दोन कार्बुरेटरांस व पंपास जाते. पंपाकडील केबल ढिली राहिली, तर मूठ उघडतांच पेट्रोल वाढतें, तेल मात्र मागें राहतें. नळींत हवेचा एक बुडबुडा अडकला तरी तोच परिणाम. दोन्ही कार्बुरेटर एकाच क्षणीं उघडले पाहिजेत, हेंहि तितकेंच खरें. नाहीं तर एका सिलिंडरवर दोघांचा भार येतो.

तिसरें मर्मस्थान ठिणगीचें. राजदूतला प्रत्येक सिलिंडरसाठीं एक असे दोन पॉइंट आहेत. त्यांचा घासणारा भाग झिजला, कीं फट कमी होते आणि ठिणगी उशिरां पडते. उलट जुळणींत ती फार लवकर ठेवली, तर स्फोट दट्ट्या वर येण्याच्या आधींच होऊन त्याच्या माथ्यास भोंक पडतें. आजकाल पॉइंटांच्या जागीं इलेक्ट्रॉनिक साधन बसवितात. तें झिजत नाहीं, म्हणून ती सुधारणा खरोखर उपयुक्त आहे. झडपेचीं पोलादी पातीं काढून फायबरचीं बसविण्याचें कारणहि असेंच : पोलादी पातें तुटून आंत गेलें तर सिलिंडरचा नाश करतें, फायबरचें पातें तितकें घातक नसतें. काळानुसार इंधनहि बदललें आहे. २००० सालापासून देशांत शिसें नसलेलें पेट्रोल आलें आणि २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल असलेलें पेट्रोल विक्रीस आलें. इथेनॉल पाणी शोषून घेतें व जुन्या रबरी नळ्या, वॉशर यांस बाधतें. म्हणून नळ्या नव्या जातीच्या घालाव्या आणि गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर कार्बुरेटर रिता करावा.

एवढें सर्व झाल्यावर सायलेंसराची पाळी येते. आणि तेथें इतिहासाचा एक उपदेश आहे. काडेनच्या नळीचें सामर्थ्य तिच्या आवाजांत नव्हतें, तिच्या मापांत होतें. इंजिनाच्या खिडक्या, कार्बुरेटरचे जेट आणि नळी यांचा मेळ साधला तरच शक्ति वाढते. नुसती आंतली जाळी उपटून टाकली, कीं गोंगाट वाढतो, मिश्रण कोरडें होतें आणि दट्ट्याचें आयुष्य घटतें. पांझरेच्या पुलावरून रात्रीं अशी गाडी गेली, कीं साऱ्या आळीची झोंप मोडते, हा तोटा वेगळाच. कायद्याचेंहि याविषयीं मत स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या बावन्नाव्या कलमाखालीं वाहनाच्या मूळ रचनेंत मन मानेल तसा फेरफार करतां येत नाहीं, आणि २०१९ च्या आरंभीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तेंच सांगितलें. तेव्हां डिस्क ब्रेकसारखा मोठा बदल करण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारणा करणें हेंच शहाणपण.

कागदपत्रें हाहि यंत्राचाच एक भाग समजावा. मोडून जोडलेल्या गाड्यांच्या या व्यवहारांत चेसिसचा आंकडा एकाचा, इंजिन दुसऱ्याचें आणि पुस्तक तिसऱ्याचें असा प्रकार अशक्य नाहीं. खाजगी वाहनाची नोंदणी प्रथम पंधरा वर्षांची असते व पुढें पांच पांच वर्षांनीं नवी करावी लागते. पैसे मोजण्यापूर्वीं दोन्ही आंकडे पुस्तकाशीं ताडून पाहावे. धुळ्याच्या 'एमएच १८' मध्यें गाडी परजिल्ह्यांतून येत असेल, तर तेथील ना-हरकत दाखला हातीं असावा. हें न केल्यास इंजिनावर केलेला सारा खर्च एका दिवसांत मातीमोल होतो.

राजदूत ३५० च्या चरित्राचें तात्पर्य काय? ज्यांनीं तिला मिळाल्याबरोबर पळविली, त्यांच्या गाड्या भंगारांत गेल्या. कित्येकांच्या घरीं त्याहून मोठें नुकसान झालें. ज्यांनीं आधीं सीलें बदललीं, ब्रेक जुळविला, तेलाची केबल मोजली, त्यांच्या गाड्या कारखाना बंद झाल्यावर तीस वर्षें उलटलीं तरी सकाळीं एका लाथेंत सुरू होतात. जुनें यंत्र विकत घेणारा मनुष्य केवळ वेग विकत घेत नाहीं. पूर्वीच्या मालकाच्या हयगयीचें ऋणहि तो आपल्या शिरावर घेतो. तें ऋण आधीं फेडावें. मग आग्र्याचा रस्ता कोठें पळून जात नाहीं.