नळीची लांबी

गेल्या वर्षी आईची ट्रंक आवरताना एक पिवळी पडलेली पावती सापडली. ‘बारा बोअर एकनळी बंदूक, नग एक. नळी तोंडाशी चिरलेली.’ खाली शिक्का आणि १९८३ सालची तारीख. या लेखाचं निमित्त ती पावती.

बंदूक आजोबांची, म्हणजे आईच्या वडिलांची. आजोळ मुरबाडच्या पुढं, सह्याद्रीच्या पायथ्याशी. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची, म्हणून शेतीसंरक्षणासाठी परवाना काढलेला. एका पावसाळ्यात नळीत चिखल गेला, कुणाच्या लक्षात आलं नाही आणि बार काढल्यावर नळीचं तोंड फाटलं. त्यानंतर वर्षभरात आजोबा गेले. दिवस-कार्य झाल्यावर मामा दिव्याला आमच्या घरी आला आणि वडिलांना म्हणाला, “दाजी, फाटलेली चार बोटं तेवढी कापून घेतो. डोंबिवलीला एमआयडीसीत लेथवाले काय कमी आहेत?”

वडील पोलीस हवालदार होते. ते म्हणाले, “चार बोटं सोड, बोटभर कापलीस तरी तो गुन्हा आहे. आणि बाबा गेल्यावर ती घरात ठेवणंही गुन्हाच. उद्या जाऊन जमा कर.”

मामानं बंदूक जमा केली, पण पुढची तीन वर्षं तो भाऊबीजेला आला नाही. फाटका तुकडा कापून टाकण्यात कसला गुन्हा, हे त्याला पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा पटलं नव्हतं. निवृत्तीनंतर जुने कायदे आणि शस्त्रांचा इतिहास वाचायचा नाद लागला, तेव्हा या चार बोटांमागं केवढा इतिहास आहे ते कळलं.

सुरुवात वडिलांच्या रायफलीपासूनच करतो. मी सहा-सात वर्षांचा असताना ती दिवा स्टेशनच्या फलाटावर जवळून पाहिली. वडील बंदोबस्तावरून परतत होते. आई आणि मी आजोळी जायला कल्याणच्या गाडीची वाट पाहत होतो. त्यांनी दस्ता जमिनीला टेकवून रायफल उभी धरली होती आणि नळीचं तोंड माझ्या कपाळाशी येत होतं. लोक आपणहून बाजूला सरकत होते. ती ‘थ्री नॉट थ्री’ मला जगातली सर्वांत लांब वस्तू वाटली होती.

गंमत अशी, की ती मुळात आखूड केलेली रायफल होती. तिच्या इंग्रजी नावातच ‘शॉर्ट’ हा शब्द आहे: शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड. आधीच्या पायदळी रायफलीची नळी ३० इंचांहून थोडी अधिक होती, तर घोडदळाच्या कार्बाइनची सुमारे २१ इंच. बोअर युद्धाच्या (१८९९-१९०२) अनुभवानंतर दोघांना मिळून एकच शस्त्र द्यायचं ठरलं आणि २५.२ इंच नळीची नवी रायफल आली. नेमबाजीतल्या जाणत्यांनी तेव्हा बरीच ओरड केली, की नळी आखूड केल्यानं नेम बिघडेल. तीच रायफल दोन महायुद्धं लढली. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती तयार होत राहिली आणि स्वातंत्र्यानंतरही अनेक दशकं आपल्या पोलिसांच्या खांद्यावर राहिली.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशासारख्या जंगलातल्या लढाईचा विचार करून ली-एनफिल्डच्या पुढच्या नमुन्याला पुन्हा कात्री लागली. १९४४ मध्ये आलेल्या या रायफलीला लोक ‘जंगल कार्बाइन’ म्हणू लागले. नळी १९ इंचांच्या आत, वजन सव्वातीन किलोच्या आसपास. पण काडतूस तेच. परिणामी धक्का जबर, आवाज कानठळ्या बसवणारा आणि तोंडाशी जाळ इतका, की तो झाकायला शंकूसारखं टोपण बसवावं लागलं. नेम एका जागी टिकत नाही, अशी तक्रार आली आणि १९४७ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. सर्व साधनं हाताशी असलेल्या कारखान्यालाही नळीच्या प्रत्येक इंचाची किंमत मोजावी लागते, ती अशी.

मग करवतीनं कापलेल्या रायफलीचं काय होत असेल? त्याचं प्रसिद्ध उदाहरण रशियातलं. क्रांती आणि यादवीच्या काळात तिथं १८९१ च्या नमुन्याच्या मोसिन रायफली गावोगाव पसरल्या होत्या. तिची नळी ८० सेंटिमीटरची. लोकांनी पुढून नळी आणि मागून दस्ता कापून ती कोटाखाली मावेल एवढी केली. तिला ‘ओब्रेझ’, म्हणजे ‘कापलेली’, असं नाव पडलं. लांबवर नेम धरणं हा रायफलीचा एकमेव गुण. कापल्यावर तोच संपतो. उरतो तो जाळ, धक्का आणि चालवणाऱ्याच्या स्वतःच्या हाताला असलेला धोका. मिळते ती एकच गोष्ट: लपवता येणं.

कायदा घाबरतो तो या लपवण्याला. आपल्याकडं सत्तेला ही भीती फार जुनी आहे. १८५७ नंतर देशी पलटणींच्या हातात काही काळ पीळ नसलेल्या, गुळगुळीत नळीच्या बंदुका देण्यात आल्या, म्हणजे त्यांचा मारा गोऱ्या शिपायापेक्षा कमी राहावा. १८७८ चा शस्त्र कायदा लॉर्ड लिटनच्या काळातला. त्यानं हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि गोऱ्यांना सूट दिली. पुढं ईशापूरला थ्री नॉट थ्रीची ‘४१० मस्केट’ करण्यात आली: गुळगुळीत नळी, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा, एका वेळी एकच काडतूस. ती पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी. चोरीला गेली तरी लष्करी काडतूस तिच्यात चालू नये, असा त्यामागचा हेतू सांगितला जातो.

मारा कमी करता आला, तरी लपवण्यावर इलाज सापडत नव्हता. १९०९ मध्ये सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली, ती पेटीच्या चोरकप्प्यातून. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंगनंच. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी झाली ती ठाण्याच्या तुरुंगात, दिव्याहून गाडीनं अगदी थोड्या अंतरावर. थ्री नॉट थ्री घेऊन नाट्यगृहात कुणाला बसता आलं नसतं.

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. वडील ज्याच्या आधारे बोलत होते ते त्याचं सहावं कलम: तशा खास परवान्याशिवाय कुणीही बंदुकीची नळी आखूड करायची नाही. किती इंच, हा प्रश्नच नाही. नियमांत आणखी एक रेघ होती. गुळगुळीत नळी २० इंचांहून कमी असेल, तर ती बंदूक साध्या बंदुकीच्या वर्गात राहत नाही, अधिक कडक वर्गात जाते. ब्रिटनमध्ये शॉटगनसाठी ही रेघ २४ इंचांवर आहे. अमेरिकेनंही आखूड नळीच्या रायफलींवर १९३४ पासून बंधनं घातली. आपल्याकडं २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय नळी आखूड करण्याला किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर अत्याधुनिक बंदुकांसमोर आपले पोलीस थ्री नॉट थ्री आणि काठ्या घेऊन उभे होते. ते दूरदर्शनवर पाहताना निवृत्त वडील एवढंच म्हणाले, “दर गोळीला बोल्ट मागं-पुढं ओढावा लागतो रे. तेवढा वेळ कोण देणार?” ती रायफल कालबाह्य झाली होती यात वाद नाही. पण तिचा एक गुण मला अजून मोलाचा वाटतो. ती दिसायची. फलाटावरच्या प्रत्येकाला कळायचं, की या माणसाकडं बंदूक आहे आणि तिचा हिशेब कुठंतरी ठेवलेला आहे. ठाणे-कल्याण पट्ट्यात ‘गावठी कट्टा जप्त’ अशी बातमी आपण नेहमी वाचतो. त्या कट्ट्याचा हिशेब कुठंच नसतो आणि तो समोर येईपर्यंत कुणाला दिसत नाही.

मामाच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. त्याला डुकरं हाकलायची होती आणि बापाची वस्तू घरात ठेवायची होती. पण कापलेली नळी त्याच्यानंतर कुणाच्या हाती गेली असती, हे ना तो सांगू शकत होता ना वडील. वडिलांनी ते त्याला समजावून सांगितलं नाही, फक्त हुकूम दिला. चूक झाली असेल तर तेवढीच, असं मला आता वाटतं.

चौथ्या वर्षी मामा भाऊबीजेला आला. आईनं ओवाळल्यावर त्यानं खिशातून ही पावती काढून ताटात ठेवली. म्हणाला, “ताई, बाबांची आठवण म्हणून आता हीच ठेव.” वडील तेव्हा बाहेर ओट्यावर बसले होते. जेवणं झाल्यावर मामा त्यांच्याशेजारी जाऊन बसला आणि दोघं बराच वेळ भाताविषयी बोलत राहिले.