पहिल्या पानाचा मान आणि नाईक यशवंत घाडगे

इ. स. १६६० च्या जुलै महिन्यात पन्हाळ्याच्या वेढ्यातून निघून शिवाजी महाराज विशाळगडाकडे जात असता घोडखिंड अडवून धरणारे बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे पायदळ हे हिरडस मावळातील, म्हणजे आपल्या भोरकडचेच, हे ज्ञातिबांधवांस नव्याने सांगावयास नको. बाजी प्रभू ज्ञातीचे, बांदल मराठे. रक्त मात्र खिंडीत एकत्रच सांडले. पुढे दरबारात तलवारीच्या पहिल्या पानाचा जो मान जेध्यांकडे होता, तो महाराजांनी बांदलांस दिला, ही हकिकत भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. हा मान एका पुरुषास नव्हे, सबंध जमावास मिळाला, ही त्यातील गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मावळ्यांचा हा पायदळी वारसा पुढे पलटणीत उतरला. तोरण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीची धार उतरून खाली कोकणात गेले म्हणजे माणगावचा मुलूख लागतो. त्या तालुक्यातील पळसगावचे यशवंत घाडगे दुसऱ्या महायुद्धात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक होते. ही पलटण दहाव्या हिंदी डिव्हिजनबरोबर इटलीत लढत होती.

१० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर चाल केली. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि घाडग्यांच्या सेक्शनमधील प्रत्येक जवान ठार वा जखमी झाला. उभे राहिले ते एकटे नाईक. क्षणाचाही विलंब न लावता ते त्या मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन व ती चालविणारा, दोन्ही निकामी केले. टॉमीगनने आणखी एकास टिपले. गोळ्या संपल्या. नवे मॅगझीन चढविण्यास अवधी नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांस त्यांनी ठार केले. ठाणे हाती आले, परंतु शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तेही तेथेच पडले. वय अवघे बावीस. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. पदक घरी आले. देह आला नाही. ज्यांची कबर ठाऊक नाही अशा सैनिकांच्या कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे.

परक्या राजाच्या लढाईतील या पदकाचा अभिमान आपण का धरावा, असे विचारणारे भेटतात. प्रश्न अयोग्य नाही. पण भोवती आपले सोबती पडलेले पाहून जो पुढे धावला, त्याच्या डोळ्यांपुढे त्या घटकेस विलायतेचा राजा असेल, असे मला तरी वाटत नाही. खंत आहे ती वेगळीच. बांदलांचा मान जमावाचा होता. येथे पदक एकाचे झाले आणि त्या सेक्शनमधील इतरांची नावे कोणाच्या ओठी नाहीत. इटलीत सुमारे पन्नास हजार हिंदी सैनिक लढले, त्यांतील ५,७८२ परत आले नाहीत. आपल्या वाड्यावस्त्यांतील कोणाच्या पेटीत जुने पलटणीचे कागद असतील, तर ते वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी नकलून ठेवावेत.

माणगावात घाडग्यांचा पुतळा आहे. आणि इटलीत, पेरुजाजवळील माँतोने या गावी, २०२३ साली त्यांच्या नावाने स्मारक उभारण्यात आले. ते स्मारक म्हणजे एक छायाघटिका आहे.