रंगभूमी व चित्रपटातील वेशभूषा आणि लोकाभिरुची

नाटकातील किंवा चित्रपटातील पात्राचा पोशाख समाजाने उचलणे आणि समाजातील वा जुन्या कलापरंपरेतील पोशाखाने रंगमंचावर व पडद्यावर नवे रूप घेणे, असा दुहेरी व्यवहार विसाव्या शतकातील महाराष्ट्रात आढळतो. या व्यवहारात पोशाख ओळखला जातो तो बहुधा परिधान करणाऱ्याच्या नावाने. त्याची कल्पना करणारा कलावंत मागे राहतो.

मराठी रंगभूमीवर याचे ठळक उदाहरण म्हणजे बालगंधर्व (नारायण श्रीपाद राजहंस, १८८८–१९६७) यांच्या स्त्रीभूमिका. मानापमान (१९११) मधील भामिनी व स्वयंवर (१९१६) मधील रुक्मिणी या भूमिकांत त्यांनी नेसलेल्या भरजरी साड्या, अलंकार व केशरचना यांचे अनुकरण पांढरपेशा घरांतील स्त्रिया करीत. घरंदाज स्त्रियांचा सार्वजनिक वावर मर्यादित असलेल्या त्या काळात प्रसाधनाचा आदर्श एका पुरुष नटाने घालून द्यावा, ही घटना लक्षणीय होय.

बोलपटांच्या प्रसारानंतर हे स्थान चित्रपटाने घेतले. या क्षेत्रात कोल्हापूर येथे जन्मलेल्या भानू अथैया (१९२९–२०२०) यांची कामगिरी महत्त्वाची आहे. त्यांचे वडील अण्णासाहेब राजोपाध्ये हे चित्रकार होते. मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी स्त्रियांच्या नियतकालिकांसाठी पोशाखांची रेखाटने केली व पुढे त्या चित्रपटांकडे वळल्या. सी. आय. डी. (१९५६) हा त्यांच्या आरंभीच्या चित्रपटांपैकी एक होय.

आम्रपाली (१९६६) या चित्रपटासाठी त्यांनी मराठवाड्यातील अजिंठा लेण्यांतील भित्तिचित्रांचा आधार घेतला. चित्रांतील कंचुकी, अंतरीय व अलंकार यांची त्यांनी नर्तिकेच्या हालचालींना सोयीची अशी नवी मांडणी केली. अशा प्रकारे प्राचीन चित्रपरंपरेतील वेश आधुनिक प्रेक्षकांपुढे आला. ब्रह्मचारी (१९६८) या चित्रपटातील एका नृत्यगीतासाठी त्यांनी मुमताज यांना नारिंगी रंगाची, आधीच निऱ्या घालून शिवलेली साडी दिली. नृत्य करताना साडी सुटू नये, ही त्यामागील व्यावहारिक गरज होती. या साडीच्या असंख्य नकला झाल्या व पुढील पिढ्यांतील वेशकारांनीही तिचा पुनःपुन्हा उपयोग केला. मात्र ती रूढ झाली ‘मुमताज साडी’ या नावाने.

गांधी (१९८२) या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी अथैया यांना जॉन मोलो यांच्यासमवेत १९८३ मध्ये ऑस्कर पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. लेकिन (१९९०) व लगान (२००१) या चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभले.

वेशभूषा ही नाशवंत कला आहे. चित्रीकरण संपल्यावर वस्त्रे विरतात, हरवतात किंवा उसवून पुन्हा वापरली जातात. त्यामुळे श्रेयाची नोंद ठेवणे कठीण होते. अथैया यांनी २०१० मध्ये आपल्या कार्यावर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला आणि सुरक्षित जतनासाठी २०१२ मध्ये आपले ऑस्कर सन्मानचिन्ह अमेरिकेतील अकादमीकडे सोपविले. लोकप्रिय पोशाखामागील निर्मात्याचे नाव इतिहासात टिकण्यासाठी अशा नोंदींची आणि संग्रहांची आवश्यकता आहे, हे यावरून स्पष्ट होते.