‘ग्रीन’चे मराठी अर्थ

बांधकामावरच्या मजुरांसाठी तयार केलेली सुरक्षेची एक इंग्रजी पुस्तिका मराठीत आणण्याचे काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते. ‘ग्रीन काँक्रीट’वर भार टाकू नये, असे एक वाक्य त्यात होते. मी बेधडक ‘हरित काँक्रीट’ लिहून पुढे गेलो. छपाईआधी मजकूर एका जुन्या मिस्त्रींना वाचून दाखवला, तेव्हा ते म्हणाले, “साहेब, असलं काँक्रीट आमच्या साइटवर येतच नाही. हे आपल्यासाठी नाही, असंच पोरं समजतील.” मागची-पुढची वाक्ये ऐकून अर्थही त्यांनीच लावला. ओतल्यावर घट्ट दिसते, पण ज्याने अजून ताकद धरलेली नाही, ते काँक्रीट. त्यांच्या बोलीत ‘कच्चा स्लॅब’. माझा शब्द तसाच छापला गेला असता, तर कच्च्या स्लॅबवर विटांचा ढीग रचणाऱ्याला ती पुस्तिका थांबवू शकली नसती. त्या ओशाळलेपणातून मी या विशेषणाच्या मागे लागलो.

‘ग्रीन’चे मूळ रंगात नाही, वाढीत आहे. जुन्या इंग्रजीतला ‘ग्रेने’ हा शब्द, वाढणे या अर्थाचे ‘ग्रो’ आणि गवत या अर्थाचे ‘ग्रास’ ही एकाच धातूची लेकरे. आपला ‘हिरवा’ मात्र संस्कृत ‘हरित’वरून आला. त्याची भावंडे इंग्रजीत शोधू गेल्यास ‘यलो’ आणि ‘गोल्ड’ सापडतात. घरातले भावंड म्हणजे हळद. ‘हरिद्रा’ त्याच कुळातली. म्हणजे इंग्रजांचा शब्द अंकुरापासून निघाला, तर आपला पिवळ्या-सोनेरी झळाळीपासून. दोन्ही वाटा पानाच्या रंगापाशी येऊन मिळाल्या. पण येताना त्यांनी वेगवेगळे सामान आणले.

वाढीतून जन्मलेल्या शब्दाला ‘ताजे’, ‘अपक्व’, ‘न वाळलेले’ हे अर्थ सहज चिकटले. न वाळलेले लाकूड ‘ग्रीन’, न भाजलेली वीट ‘ग्रीन’, न भाजलेली कॉफीची बीसुद्धा ‘ग्रीन’. मराठीने हे काम तीन शब्दांत वाटून दिले आहे: ओला, कच्चा आणि कोवळा. लाकूड ओले, वीट कच्ची, काकडी कोवळी. कोकणात हिरव्या मिरचीला ‘ओली मिरची’ म्हणतात, तेव्हा ती पाण्याने भिजलेली नसते. इंग्रजीत रंगाने ताजेपणा सांगितला जातो, तो इथे ओलाव्याने.

लाक्षणिक अर्थांतही हाच भेद दिसतो. फ्रान्सिस बेकनने सूडावरच्या आपल्या निबंधात (१६२५) ताज्या जखमेला ‘ग्रीन’ म्हटले आहे. हिंदीतही घाव ‘हरा’ होतो. मराठी माणूस मात्र वर्षानुवर्षे जुने दुःख सांगताना ‘जखम अजून ओली आहे’ असेच म्हणेल. नवख्याला इंग्रजीत ‘ग्रीनहॉर्न’ म्हणतात. हा शब्द आधी कोवळ्या शिंगांच्या जनावराचा होता. आपण त्याला ‘कच्चा’ म्हणतो.

सर्वांत गमतीचा प्रवास म्हाताऱ्यांचा. व्हर्जिलने ‘इनिड’च्या सहाव्या सर्गात मृतांना नदीपार नेणाऱ्या नावाड्याचे वार्धक्य हिरवे म्हटले, आणि इंग्रजीत ‘ग्रीन’ म्हातारपण म्हणजे ताठ, निरोगी म्हातारपण असा वाक्प्रचार रुळला. मराठीत एखाद्या आजोबांना ‘हिरवट’ म्हणून पाहा. घरात भांडण होईल. स्पॅनिश भाषा या बाबतीत आपल्या बाजूची आहे. तिथेही ‘हिरवा म्हातारा’ म्हणजे चळलेला म्हातारा. वय झाले तरी आत रस शिल्लक आहे, ही कल्पना तिन्हीकडे एकच. त्या रसाचे कौतुक करायचे की त्याला नावे ठेवायची, हे ज्या त्या समाजाने ठरवले.

विसाव्या शतकात या शब्दाला राजकारणाचा रंग चढला. ८ मार्च १९६८ रोजी वॉशिंग्टनमधल्या भाषणात अमेरिकी मदतसंस्थेचे प्रमुख विल्यम गॉड यांनी ‘ग्रीन रिव्होल्यूशन’ हा शब्दप्रयोग केला. सोव्हिएतांच्या लाल क्रांतीपेक्षा आणि इराणच्या शहांच्या पांढऱ्या क्रांतीपेक्षा वेगळी, असा त्यातला रोख. मराठीत तिची ‘हरितक्रांती’ झाली आणि लालशी असलेले वैर पुसट होऊन फक्त डोलणारी शेते उरली. १९८० मध्ये पश्चिम जर्मनीत ‘ग्रीन’ नावाचा पक्ष स्थापन झाला आणि हा शब्द निसर्गरक्षणाचा झेंडा बनला. रासायनिक खतांवर उभी राहिलेली क्रांती आणि त्या खतांवर आक्षेप घेणारी चळवळ, दोघींचे विशेषण एकच! आपल्याकडे ‘हरित’ हा शब्द आता धोरणाचा झाला आहे: हरित इमारत, २०१० पासून राष्ट्रीय हरित लवाद. भाजीवाली मात्र आजही ‘हरित कोथिंबीर’ विकत नाही.

माझी चूक नेमकी इथेच झाली. ‘हिरवा’ हा रंगाचा, ‘कच्चा’ हा अवस्थेचा आणि ‘हरित’ हा धोरणाचा शब्द. इंग्रजीचे एकच विशेषण समोर आल्यावर त्यातला कोणता, हे मी विचारलेच नाही. शिवाय सिमेंट कमी करून राख मिसळलेल्या पर्यावरणस्नेही काँक्रीटलाही आज ‘ग्रीन’च म्हणतात. ते ओतल्या दिवशी दोन्ही अर्थांनी ‘ग्रीन’ असते. आणि त्या दिवशी त्यावर उभ्या राहणाऱ्या माणसासाठी त्यातला एकच अर्थ महत्त्वाचा असतो.

पुस्तिका छापली गेली तेव्हा त्या पानावर मिस्त्रींचाच शब्द होता: कच्चा स्लॅब.